लघवीची धार कशी आहे?

मुलाची किडनी निकामी होत चालली आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी गप्प होतो आणि मग विचारतो, "एवढ्याशा पोराला? कशामुळे?" मोठ्या माणसाबद्दल असं कुणी विचारत नाही. मधुमेह असेल, बीपी असेल, असं उत्तर लोक मनातल्या मनात देऊन टाकतात. मुलांच्या बाबतीत ही उत्तरं लागू पडत नाहीत. मुलांमधल्या कायमच्या किडनीविकारांपैकी जवळपास निम्मे आजार जन्मतःच असलेल्या दोषांतून येतात. कुणाच्या किडन्या लहान राहतात, कुणाच्या नीट घडतच नाहीत, तर कुणाच्या लघवीच्या वाटेत अडथळा असतो.

आमच्या मुलाच्या वाटेत अडथळा होता. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्ग जिथे सुरू होतो तिथे, पातळ पडद्याची एक घडी. हा दोष फक्त मुलग्यांमध्ये आढळतो, साधारण पाच ते आठ हजारांत एकाला. वैद्यकीय नाव पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह. वॉर्डात सगळे नुसतं 'व्हॉल्व्ह' म्हणतात, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना हृदयाचं दुखणं आहे असं वाटतं. बाळ पोटात असतानाच लघवी करू लागतं. ती बाहेर पडायला अडथळा झाला की मूत्राशय जोर लावत राहतं, त्याची भिंत जाड आणि ताठर होते, लघवी मागे तुंबते, किडनीतून मूत्राशयाकडे लघवी आणणाऱ्या मूत्रवाहिन्या फुगतात आणि अजून घडत असलेल्या किडन्यांवर दाब येतो. म्हणजे मूल जन्माला येण्याआधीच नुकसान सुरू झालेलं असतं.

या आजाराचा संशय यायला जे लागतं ते अगदी साधं असतं: लघवीची तपासणी, लहान मुलाच्या मापाचा बीपीचा पट्टा, वजन-उंचीचा तक्ता आणि धारेबद्दलचा एक प्रश्न. ते कुणाला तरी सुचावं लागतं. ते लवकर सुचावं, म्हणून मी हे लिहितो आहे.

त्याला पहिल्या वाढदिवसाच्या आधीपासूनच ताप यायचा. सर्दी नाही, खोकला नाही, घसा लाल नाही, कान दुखत नाही, आणि ताप मात्र चांगलाच चढलेला. आम्ही ज्या दवाखान्यात जायचो तिथे अँटिबायोटिक लिहून दिलं जायचं. दोन दिवसांत ताप उतरायचा, काही आठवड्यांनी परत यायचा. आता मागे वळून पाहताना यातला धोका स्पष्ट दिसतो. ताप लघवीतल्या जंतुसंसर्गाचा होता आणि असंच अंदाजाने दिलेलं औषध त्या जंतूंनाही काही काळ दाबत होतं. ताप उतरला म्हणजे निदान बरोबर होतं असं सगळ्यांनाच वाटे. औषध सुरू करण्याआधी लघवी तपासावी असं तिथे एकदाही कुणाला वाटलं नाही, आणि याचा मला आजही राग येतो. दोन वर्षांखालच्या मुलाला कारण न सापडणारा ताप असेल तर लघवी तपासायची, हे बालरोगशास्त्रातलं अगदी प्राथमिक पाठांतर आहे.

वजनही वाढत नव्हतं. मधूनच उलट्या. "काही मुलं अशीच बारकी असतात," हे वाक्य आम्ही बऱ्याच जणांकडून ऐकलं.

मग एका वेगळ्या डॉक्टरांकडे जाण्याचा योग आला. त्या मॅडमनी आधी त्याचं वजन आणि उंची तक्त्यावर मांडली. रेघ सरळ वर न जाता खालच्या रेघेकडे झुकत चालली होती. ती बघून त्यांनी विचारलं, "लघवीची धार कशी आहे? जोरात लांब जाते, की थेंब थेंब?"

आम्हा दोघांना सांगता येईना. डायपरमध्ये धार दिसतच नाही, ओलं दिसतं, आणि ओलं दिसलं की लघवी होते आहे असं समजायचं. मॅडमनी त्याला डायपर काढून तपासणीच्या टेबलावर ठेवायला लावलं आणि आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. काही वेळाने त्याने पाय आवळले, चेहरा लाल झाला, तो कुंथला आणि लघवी ठिबकत बाहेर आली. मॅडमनी लगेच ओटीपोट चाचपलं. लघवी करून झाल्यावरही मूत्राशय हाताला टणक लागत होतं. त्यांनी माझ्या बायकोचा हात धरून त्या जागी ठेवला, म्हणाल्या, "हे रिकामं व्हायला हवं होतं."

मुलगा असेल तर त्याला लघवी करताना एकदा तरी नीट पाहा, हे मी आता प्रत्येक नव्या आई-बापांना सांगतो. निरोगी बाळाची धार कमान करून दूर पडते. ती बारीक, तुटक, कुंथून येणारी असेल तर डॉक्टरांना सांगायचं, त्यांनी विचारण्याची वाट बघायची नाही.

लघवीचा नमुना घेणं हे प्रकरण कागदावर सोपं दिसतं. इतक्या लहान मुलाला 'कर' म्हटलं की तो करत नाही. चिकटवायची पिशवी मिळते, पण तिच्यात कातडीवरचे जंतू मिसळतात. पिशवीतल्या लघवीत काहीच सापडलं नाही तर ठीक, जंतू सापडले तर मात्र त्यावर विसंबता येत नाही. कल्चरसाठी, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्यासाठी, नमुना नळी घालून घ्यावा लागतो, नाहीतर जागा स्वच्छ धुऊन मधली धार निर्जंतुक डबीत झेलावी लागते. तिथल्या सिस्टरने आम्हाला एक युक्ती दाखवली: गार पाण्यात भिजवलेलं गॉज ओटीपोटावर हलकेच गोल फिरवत राहायचं. काही बाळांना त्यामुळे पाच मिनिटांत लघवी होते. डबी लगेच लॅबमध्ये पोचली पाहिजे, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. आणि हे सगळं अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. नंतर घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा जंतू वाढत नाहीत, रिपोर्ट स्वच्छ येतो आणि आपण फसतो.

त्याचा रिपोर्ट स्वच्छ नव्हता. पू पेशी भरपूर, कल्चरमध्ये जंतूंची दाट वाढ. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्रवाहिन्या नागमोडी आणि रुंद, मूत्राशयाची भिंत जाड. मूत्राशयात नळी घातली तेव्हा तुंबलेली लघवी येतच राहिली.

रात्री बायकोने गरोदरपणाची फाइल काढली. शेवटच्या महिन्यांतल्या एका सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: बाळाच्या दोन्ही किडन्यांना किंचित सूज. त्या वेळी "होतं असं, उतरेल" असं सांगितलं गेलं होतं. ती सूज पुष्कळ बाळांमध्ये खरोखरच उतरते. पण उतरली की नाही हे जन्मानंतर परत सोनोग्राफी करून बघावं लागतं. मुलगा असेल आणि सूज दोन्ही बाजूंना असेल, तर ती अजिबात लांबवायची नसते. आम्हाला कुणी परत बोलावलं नव्हतं. ज्यांच्या फाइलमध्ये अशी ओळ असेल त्यांनी ती डिस्चार्जच्या आधी बालरोगतज्ज्ञांना बोट ठेवून दाखवावी.

यानंतरची तपासणी एमसीयू, म्हणजे लघवी करतानाचा एक्स-रे. मूत्राशयात बारीक नळी घालतात, तिच्यातून एक्स-रेमध्ये दिसणारं औषध भरतात आणि मूल लघवी करत असताना फोटो काढतात. भूल देत नाहीत, कारण लघवी त्याने स्वतः करायला हवी. तपासणी फार दुखवत नाही म्हणतात, पण अनोळखी खोली, वर मोठं यंत्र, हातपाय धरलेले, यानेच मूल घाबरून जातं. शिशाचा जड एप्रन घालून मी त्याच्या डोक्याशी उभा होतो आणि त्याच्या कानाशी सतत बोलत होतो. काय बोललो ते आठवत नाही, त्याने माझं बोट सोडलं नाही एवढं आठवतं. पडद्यावर मूत्राशय भरत गेलं आणि मग भरलेलं औषध खाली जाण्याऐवजी दोन्ही बाजूंनी वर चढताना दिसलं, किडन्यांपर्यंत. याला रिफ्लक्स म्हणतात, लघवीचा उलटा प्रवास. त्याची पहिली ते पाचवी अशी प्रत ठरवतात. उजवीकडे पाचवी होती, डावीकडे चौथी. लघवी करतानाच्या फोटोत मूत्रमार्गाचा वरचा भाग फुगलेला आणि त्याखाली एकदम बारीक रेघ. रेडिओलॉजिस्टनी तिथे पेन टेकवलं. आता तर्क करायला जागाच उरली नव्हती.

पडदा काढायची शस्त्रक्रिया छोटी असते. भूल देऊन लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालतात आणि ती घडी कापतात किंवा जाळतात. पोटावर टाका नाही. त्याची धार पहिल्यांदा कमान करून पडली तेव्हा बायको रडली.

मी मात्र त्या दिवशी किडनीच्या डॉक्टरांसमोर नुसताच जाऊन बसलो. अडथळा गेला म्हणजे संपलं, असं धरून मी प्रश्नांची यादीच केली नव्हती आणि ते मला समोर बसवून शांतपणे सांगत होते की आता सुरुवात आहे. किडनीतल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, एका किडनीत साधारण १० लाख असतात. त्या सगळ्या गर्भातच तयार होतात. ३६ व्या आठवड्याच्या सुमाराला हे काम थांबतं आणि नंतर आयुष्यात एकही नवीन गाळणी तयार होत नाही. त्यामुळे वेळेआधी किंवा फार कमी वजनाची जन्मलेली बाळं मुळातच कमी भांडवल घेऊन येतात आणि त्यांच्या किडन्यांवर पुढे लक्ष ठेवावं लागतं. आमच्या मुलाच्या कितीतरी गाळण्या गर्भातल्या दाबाने घडल्याच नव्हत्या. काही नंतरच्या संसर्गांनी गेल्या होत्या. पुढे डीएमएसए स्कॅन, म्हणजे किडनीवरचे व्रण दाखवणारी तपासणी, झाला, त्यात उजव्या किडनीवर व्रण स्पष्ट दिसले. उरलेल्या गाळण्या जास्तीचं काम अंगावर घेतात आणि त्या ताणानेच हळूहळू थकतात. मूल वाढतं, शरीर मोठं होतं, गाळण्या मात्र तेवढ्याच. वयात येताना अशा मुलांची किडनी एकदम घसरते ती यामुळे.

"मग आम्ही काय करायचं?" मी विचारलं. "उरलेलं जपायचं," डॉक्टर म्हणाले. "आणि ते जपता येतं."

जपायचं म्हणजे काय, हे पुढची कित्येक वर्षं शिकत आलो.

सगळ्यात आधी आकडे वाचायला शिकलो. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा. ते स्नायूंमधून तयार होतं, लहान मुलाचे स्नायूच लहान, म्हणून त्याचं निरोगी क्रिएटिनिन ०.२ ते ०.४ च्या आसपास असतं. लॅबच्या छापील कागदावर मात्र पुष्कळदा मोठ्या माणसाची कक्षा लिहिलेली असते. एकदा आमच्या रिपोर्टवर ०.९ आलं, शेजारी 'नॉर्मल' छापलेलं, ठळक अक्षर नाही की चांदणी नाही. तेव्हा तो ९० सेंटिमीटर उंचीचा होता. डॉक्टरांनी मला कागदावर गणित करून दाखवलं: उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा हा अंदाज. उत्तर आलं ४१. निरोगी मुलाचं ते ९० च्या वर असतं. म्हणजे 'नॉर्मल' छापलेल्या रिपोर्टमागे अर्ध्याहून अधिक काम गेलेली किडनी होती. तेव्हापासून दर रिपोर्टला मी उंचीच्या आकड्यासकट हे गणित करतो. मुलाचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात आला तर छापील कक्षेवर विश्वास न ठेवता वय आणि उंची धरून त्याचा अर्थ विचारून घ्या.

दुसरं बीपी. मुलांचं बीपी मोजायचं असतं हेच अनेकांना नवीन वाटतं. पट्टा दंडाच्या मापाचा लागतो, फार लहान पट्ट्याने आकडा खोटा वर जातो. आणि १२०/८० हा मोठ्यांचा हिशेब झाला. मुलाचं वय, उंची, मुलगा की मुलगी, यावर त्याचा तक्ता ठरतो. युरोपात ३८५ मुलांवर पाच वर्षं झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. किडनीविकार असलेल्या सगळ्या मुलांना रामिप्रिल हे बीपीचं एकच औषध होतं. एका गटाचं बीपी नेहमीच्या मर्यादेत ठेवलं, दुसऱ्याचं आणखी खाली, त्या वयाच्या मुलांच्या मधल्या पातळीच्याही खाली. नेहमीच्या गटात सुमारे ४२ टक्के मुलांची किडनी निम्म्याने घटली किंवा निकामी झाली, कडक गटात सुमारे ३० टक्के. दर १०० मुलांमागे १२ जणांचा फरक, तो केवळ बीपी खाली ठेवण्याने. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर घरी बीपी मोजणं आम्ही एकदाही कंटाळवाणं मानलं नाही.

पाण्याच्या बाबतीत तर आजूबाजूच्या सगळ्यांचा सल्ला उलटा निघाला. किडनीचा रोगी म्हटलं की पाणी तोडा, मीठ बंद करा, असं लोक सांगतात. ते काही आजारांत खरं आहे. ज्याला सूज आहे, ज्याची लघवी कमी झाली आहे, त्याच्यासाठी. आमच्या मुलाच्या किडन्या लघवी घट्ट करूच शकत नाहीत. त्या पाणीही सोडतात आणि मीठही सोडतात. त्याला रात्री उठून पाणी लागतं आणि मीठ जास्तीचं द्यावं लागतं. कुणी प्रेमाने त्याचं पाणी तोडलं असतं तर किडनी लवकर गेली असती. "लघवी तर भरपूर होते, मग किडनी कशी खराब?" हाही प्रश्न खूपदा आला. लघवी किती होते यावरून रक्त किती स्वच्छ होतं हे कळत नाही. पाण्यासारखी पांढरी, भरपूर लघवी आणि सतत तहान हे उलट किडनी थकल्याचं लक्षण असू शकतं. मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर त्याला रागावण्याआधी लघवी आणि रक्त तपासावं.

प्रथिनांचंही तसंच. वाढत्या मुलाची प्रथिनं तोडायची नसतात, आहारतज्ज्ञ त्याच्या वजनाप्रमाणे माप ठरवून देतात. रक्तात आम्ल साठतं म्हणून सोडाबायकार्ब, हाडांसाठी ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन उतरलं की लोह आणि इंजेक्शनं. उंची मागे पडली तेव्हा ग्रोथ हार्मोन सुरू झालं.

सगळ्यात कष्टाचं काम होतं मूत्राशयाचं. पडदा गेला तरी वर्षानुवर्षं जोर लावून ताठर झालेलं मूत्राशय पूर्ववत होत नाही. त्याला भरल्याची जाणीव नीट होत नाही, ते पूर्ण रिकामं होत नाही, आणि उरलेली लघवी वर दाब देत राहते. म्हणून घड्याळ लावून लघवी, एकदा झाली की थोडं थांबून परत एकदा. बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, कारण भरलेलं आतडं मूत्राशयाला रिकामं होऊ देत नाही. हे शेवटचं ज्यांना असा दोष नाही त्या मुलांनाही लागू आहे. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या कित्येक मुलींचं मूळ लघवी दाबून धरण्यात आणि बद्धकोष्ठतेत सापडतं. शाळेत 'आत्ता नाही, सुट्टीत जा' हे वाक्य किडनीच्या दृष्टीने फार वाईट आहे. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन वर्गशिक्षकांना भेटलो आणि विचारल्याशिवाय उठून जायची परवानगी मिळवली.

एवढं करूनही लघवी उरत राहिली, तेव्हा नळीचा विषय निघाला. दिवसातून ठरावीक वेळा बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. ऐकून मी हादरलो होतो. १९७२ साली अमेरिकेतले डॉक्टर जॅक लॅपिडेस यांनी दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं होणं जास्त महत्त्वाचं. या एका गोष्टीने जगभर कितीतरी मुलांच्या किडन्या वाचल्या. आधी हे काम आम्ही करायचो. आता तो स्वतः करतो, दार लावून, दात घासावेत इतक्या सहजपणे.

वॉर्डात आणि ओपीडीच्या बाकांवर इतर मुलांच्या आई-वडिलांशी बोलणं व्हायचं. तिथे मला कळलं की किडनीपर्यंत पोचायच्या वाटा किती वेगवेगळ्या आहेत. एका मुलीचे डोळे सकाळी सुजलेले असायचे, ॲलर्जी म्हणून थेंब घालत राहिले, शेवटी कुणीतरी लघवीत प्रथिनं तपासली. नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं वाहून जाऊन अंगाला सूज येणारा आजार. यातली बहुतेक मुलं स्टेरॉइडने सुधारतात आणि त्यांची किडनी निकामी होत नाही. ज्यांना स्टेरॉइड लागू पडत नाही त्यांना धोका असतो. ही सूज ओळखायला लघवीत बुडवायची एक पट्टी पुरते. एका मुलाला पायावर खरजेसारखे फोड झाले होते, ते सुकल्यावर काही आठवड्यांनी लघवी तपकिरी झाली आणि बीपी इतकं चढलं की आकडी आली. तो पूर्ण बरा झाला. घशाचा किंवा त्वचेचा असा संसर्ग वेळेवर बरा करणं आणि नंतर लघवीचा रंग बघणं, एवढं घरच्यांच्या हातात असतं. एका लहानग्याला रक्ताचे जुलाब होऊन आठवड्याभरात लघवी बंद झाली. नीट न शिजलेल्या मांसातून, न उकळलेल्या दुधातून, घाण पाण्यातून येणारा एक प्रकारचा ई. कोलाय जंतू असं विष सोडतो, ज्याने रक्तपेशी फुटतात आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात.

आणि साधे जुलाब-उलट्या. अंगातलं पाणी गेलं की किडनीला रक्त पुरत नाही. जलसंजीवनी वेळेवर पाजली तर हे टळतं. लघवी किती तासांपूर्वी झाली हे आजारी मुलाच्या बाबतीत लक्षात ठेवायचं. त्यातच तापासाठी आयबुप्रोफेन दिलं तर कोरड्या पडलेल्या किडनीवर दुसरा घाव बसतो. अशा वेळी पॅरासिटामॉल बरं, तेही वजनाच्या मापाने. आमच्या मुलाला जुलाब झाले की त्याचं बीपीचं रामिप्रिल तेवढ्यापुरतं थांबवायचं आणि लगेच फोन करायचा, असं आम्हाला लिहून दिलेलं आहे. तो कागद औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

औषधांबद्दल आणखी एक, कारण ते मनातून जात नाही. २०२२ साली गाम्बियात ६० हून अधिक लहान मुलं किडनी निकामी होऊन दगावली, त्याच वर्षी इंडोनेशियात २०० च्या आसपास. सर्दी-खोकला-तापाच्या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल आणि इथिलिन ग्लायकॉल होतं. हेच डायइथिलिन ग्लायकॉल १९३७ साली अमेरिकेत एका औषधात मिसळलं गेलं होतं आणि शंभरावर माणसं मेली होती, त्यात कितीतरी मुलं. इतकी वर्षं माहीत असलेलं विष परत परत मुलांच्या चमच्यात येतं हे मला सहन होत नाही. मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्याला सिरपची गरज बहुतेक वेळा नसतेच. आमच्या घरात डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एकही बाटली येत नाही.

एवढं जपूनही तो आकडा उतरतो आहे. ४१ वरून आता विशीत आला आहे, वयात येतानाची घसरण सुरू झाली आहे. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे हाताशी वेळ आहे आणि तयारी करता येते आहे. कांजिण्या आणि गोवराच्या लसी जिवंत विषाणूंच्या असतात, प्रत्यारोपणानंतरच्या औषधांवर त्या देता येत नाहीत, म्हणून त्या आधीच पूर्ण केल्या. कावीळ बीची अँटिबॉडी तपासून एक डोस जास्तीचा दिला. डाव्या हातातून रक्त काढायचं नाही असं त्याने स्वतःच सगळ्या लॅबवाल्यांना सांगायला सुरुवात केली आहे. हेमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त गाळायची वेळ आली तर फिस्टुलासाठी, म्हणजे त्यासाठी शीर आणि धमनी जोडण्यासाठी, त्या हाताच्या शिरा शाबूत हव्यात. डायलिसिस लागलंच तर आधी पोटाचं, घरी रात्री झोपेत यंत्रावर होणारं, म्हणजे शाळा बुडत नाही. पण डायलिसिसवर न जाता थेट प्रत्यारोपण व्हावं असा प्रयत्न चालू आहे.

माझा आणि त्याचा रक्तगट एकच आहे. माझ्या तपासण्या सुरू झाल्या आहेत: साखर, बीपी, चोवीस तासांची लघवी, सीटी स्कॅन, आणि दोघांचं रक्त जुळतं का हे बघणारी क्रॉसमॅच. त्याची मूत्राशयातला दाब मोजणारी यूरोडायनॅमिक तपासणी परत व्हायची आहे. मूत्राशयातला दाब जास्त राहिला तर माझी किडनीही त्याच्या किडन्यांच्याच वाटेने जाईल, म्हणून आधी तो दाब औषधाने आटोक्यात येतो का हे बघतील, नाही आला तर आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करावं लागेल. त्याने डॉक्टरांना विचारलं, "बाबांची किडनी आली तरी नळी घालावी लागेल?" डॉक्टर म्हणाले, "हो, घालावी लागेल." "मग ठीक आहे," तो म्हणाला, "ते मला येतं."